पकड टायरची की रस्त्याची?

इंदूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरीला असतो. त्याने हौसेने एक जुनी मस्टँग गाडी घेतली आणि तिच्या मागच्या दोन चाकांना 'ड्रॅग टायर' बसवले. "या टायरांइतकी पकड दुसऱ्या कुठल्याच टायरला नाही," असे तो आईला फोनवर सांगतो. त्याने फोटो पाठवला, तेव्हा वडिलांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाले, "यावर नक्षी कुठे आहे? असा टायर आम्ही स्टेपनीलासुद्धा ठेवत नाही!" बापलेकांचे त्यावरून वाजले. ताई विचारतात, "दोघांत खरे कोण बोलते आहे, आणि मी काळजी करावी की नाही, एवढेच सांगा."

ताई, दोघेही खरेच बोलत आहेत. फक्त दोघांच्या डोळ्यांसमोरचे रस्ते वेगळे आहेत. पकड ही टायरच्या एकट्याच्या अंगी असलेली वस्तू नव्हे. टायरचे रबर, त्यातली हवा, त्याची ऊब आणि खालचा रस्ता या चौघांनी मिळून ती ठरते. चौघांपैकी एक बदलला की सगळा हिशेब बदलतो. ड्रॅग टायर हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे, म्हणून आज त्याच्याविषयी सविस्तर लिहितो.

पाव मैलाचे वेड

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून, दिवा हिरवा होताच सुटायचे आणि पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर, आधी कोण गाठतो ते पाहायचे. वळण नाही, ओव्हरटेक करणे नाही. सारा खेळ काही सेकंदांत आटोपतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातले तरुण जुन्या गाड्यांची इंजिने खोलून, सुधारून त्या पळवू लागले. कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर ते शर्यती लावत, तसेच भर रस्त्यावरही लावत. अपघात होत, लोक संतापत. १९५० साली सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे भरून गाडी पळवण्याची सोय झाली. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. पोरांना दटावून ऐकवता येत नसेल, तर त्यांना बंदिस्त जागा, नियम आणि देखरेख द्यावी, असा तिचा विचार होता. सुरक्षेची ती चिंता आजही संपलेली नाही. २००८ साली स्कॉट कलिटा हे नावाजलेले चालक न्यू जर्सीतल्या ट्रॅकवर मृत्यू पावले. त्यानंतर सर्वांत वेगवान गाड्यांच्या वर्गांचे अंतर १३२० वरून १००० फुटांवर आणण्यात आले.

या खेळाची एक गंमत अशी की तो फक्त व्यावसायिकांचा नाही. अनेक ट्रॅकवर ठरावीक संध्याकाळी कोणीही फी भरून, गाडीची तपासणी करून घेऊन आपली रोजची गाडी पळवू शकतो. शेवटी हातात एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर किती सेकंद लागले, शेवटी वेग किती होता, हे सारे छापलेले असते. गाडीने ट्रॅकवर जायचे, शर्यत करायची आणि त्याच गाडीने घरी यायचे. अशा हौशी मंडळींसाठी रस्त्यावर चालवायला परवानगी असलेले ड्रॅग टायर निघाले. ताईंच्या मुलाने बसवले आहेत ते बहुधा हेच.

हा टायर वेगळा कसा?

निव्वळ शर्यतीचा टायर पूर्ण गुळगुळीत असतो. त्याला 'स्लिक' म्हणतात. रस्त्यावर चालणाऱ्या ड्रॅग टायरला नावापुरत्या खाचा असतात आणि बाजूला तिथल्या परिवहन खात्याच्या नियमांत बसत असल्याची, 'डॉट' ही खूण असते. त्याचे रबर मात्र स्लिकच्याच कुळातले, मऊ आणि चिकट. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरांवर झीज किती सोसेल याचा एक आकडा छापतात. घरगुती गाडीच्या टायरवर तो बहुधा ३०० ते ६०० च्या दरम्यान असतो. काही ड्रॅग टायरांवर तो चक्क '००' असतो! टिकण्याचे वचन आम्ही देत नाही, असेच बनवणारा सांगतो म्हणा ना.

या धंद्यातले एक मोठे नाव मिकी थॉम्प्सन यांचे. १९६० साली बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांनी स्वतः बनवलेली गाडी ताशी ४०० मैलांपलीकडे नेली होती. इंजिन कितीही दांडगे असले तरी त्याची ताकद शेवटी टायरमधूनच जमिनीला पोचते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. १९६३ साली त्यांनी टायरची कंपनी काढली. तिच्या नावाचे ड्रॅग टायर आजही विकले जातात.

शाळेत आपण शिकलो की घर्षण वजनावर अवलंबून असते, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही. लाकडाचा ठोकळा टेबलावर ओढला तर ते बरोबर आहे. रबर मात्र ठोकळ्यासारखे वागत नाही. ते दबते, डांबराच्या बारीक खडबडीत शिरते आणि त्याला चिकटतेही. रबर जितके मऊ आणि टेकलेली जागा जितकी मोठी, तितके हे शिरणे आणि चिकटणे जास्त.

त्याचा परिणाम किती असू शकतो? डॉज कंपनीने २०१८ सालची म्हणून 'डेमन' नावाची गाडी काढली. ती कारखान्यातूनच रस्त्यावर चालणारे ड्रॅग टायर लावून येत असे. पाव मैल ९.६५ सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता. सुटताना पुढची दोन्ही चाके जमीन सोडून वर उचलली जात. वजन वाचावे म्हणून शेजारची आणि मागची सीटसुद्धा गाडीत नव्हती. हवी असेल तर एकेक डॉलरला मिळे! बायकोला शेजारी बसवायचे तर आधी डॉलर मोजा, असा तो मामला.

पकड मिळवतात कशी?

नुसते टायर बसवून पकड येत नाही. ट्रॅकवरची जाणती मंडळी क्रमाने काय करतात ते पाहा.

पहिले काम टायर तापवण्याचे. पुढची चाके ब्रेकने रोखून धरायची आणि मागची जागच्या जागी फिरवायची. धूर निघतो, प्रेक्षक खूश होतात, पण हेतू वेगळा असतो. टायरवरचे खडे आणि धूळ निघून जाते, वरचा थर गरम होऊन चिकट होतो. चाके सहज फिरावीत म्हणून ट्रॅकच्या सुरुवातीला थोडे पाणी टाकलेले असते. खाचा असलेल्या टायरवाल्याने या पाण्याला वळसा घालावा, असा शिरस्ता आहे. नाही तर खाचांत अडकलेले पाणी तो सुटण्याच्या जागेपर्यंत नेतो आणि स्वतःबरोबर मागच्यालाही घसरवतो. ड्रॅग रेडियल टायरला थोडीच ऊब पुरते. धूर दिसू लागला की थांबायचे. फार तापवला तर रबर पातळ होऊन उलट घसरते.

दुसरे काम हवेचे. आपल्या गाडीत साधारण ३० ते ३५ पौंड हवा असते. ड्रॅग रेडियलमध्ये शर्यतीपुरती ती १५ ते २० पौंडांच्या आसपास आणतात, म्हणजे टायर पसरून जास्त रबर जमिनीला टेकते. नेमकी किती, हे गाडीचे वजन आणि टायरची जात ठरवते. म्हणून एका वेळी एकच पौंड कमी-जास्त करायचा आणि चिठ्ठी पाहायची. चिठ्ठीवर पहिल्या ६० फुटांना लागलेला वेळ वेगळा छापलेला असतो. पकडीची खरी परीक्षा तिथेच होते. काही जण टायरवर आडवी पांढऱ्या बूटपॉलिशची रेघ ओढतात. फेरीनंतर ती रेघ कुठे पुसली गेली यावरून टायर मधोमध टेकतो की फक्त कडांवर, ते कळते. फक्त कडा टेकत असतील तर हवा फार कमी झाली. गाडीही मग वेगात शेपटी हलवू लागते.

तिसरे काम वजनाचे. बस अचानक सुटली की उभे प्रवासी मागे झुकतात. गाडीचेही वजन सुटताना असेच मागे जाते. ज्या गाडीची मागची चाके इंजिन फिरवते, तिला हे वरदानच आहे, कारण भार नेमका त्याच चाकांवर येतो. म्हणून पुढचे शॉक ॲब्सॉर्बर असे लावतात की गाडीचे नाक पटकन वर उठावे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढची चाके फिरवते. तिथे नेमके उलटे होते. सुटताना भार त्याच चाकांवरून निघून जातो. तसल्या गाडीला ड्रॅग टायर लावायचे तर पुढे लावतात.

चौथे काम पायाचे. टायर रस्त्याला धरून फिरतो तोवर पकड भरपूर असते. एकदा का तो जागच्या जागी गरगरू लागला की ती घटते. मग ॲक्सिलरेटर आणखी दाबणे म्हणजे चिखलात रुतलेल्या बैलगाडीला नुसता चाबूक मारणे. अशा वेळी शहाणा चालक पाय थोडा उचलतो.

आणि पाचवी गोष्ट, जी प्रेक्षकाला दिसतच नाही, ती म्हणजे खालचा रस्ता. चांगल्या ट्रॅकवर सुटण्याच्या जागी चिकट द्रव फवारतात आणि त्यावर आधीच्या टायरांच्या रबराचा थर घासून बसवतात. तिथे चालताना बूट चिकटतो. ड्रॅग टायरची निम्मी किमया या तयार केलेल्या जमिनीची असते. सिग्नलजवळच्या धुळकट, तेल सांडलेल्या, थंड डांबरावर ही जमीन नसते आणि टायर तापवलेलाही नसतो. तिथे बढाई मारायला जाणाऱ्याला ट्रॅकवरची पकड मिळत नाही. मिळतो तो फक्त ट्रॅकवरचा आत्मविश्वास, आणि घात तोच करतो.

घरी परतताना

आता वडिलांची बाजू. टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते. रस्त्यावरच्या पाण्याला बाजूला जायला त्या वाटा असतात. वाट नसेल तर टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याची पाचर शिरते आणि चाक चक्क पाण्यावर तरंगू लागते. मग स्टीअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

हे कोणत्या वेगाला होते? अमेरिकेच्या 'नासा' संस्थेतले संशोधक वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग करून एक ठोकताळा दिला. टायरमधल्या हवेच्या पौंडांचे वर्गमूळ काढा आणि त्याला १०.३५ ने गुणा. जो आकडा येईल तितक्या मैल वेगाला गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो. मोटारीला तो अगदी तंतोतंत लागू पडत नाही, पण रोख कळतो. ३२ पौंड हवा असेल तर उत्तर येते ताशी सुमारे ९४ किलोमीटर. १६ पौंड असेल तर फक्त ६७ किलोमीटर! म्हणजे कोरड्या ट्रॅकवर ज्या कमी हवेने शर्यत जिंकून दिली, तीच कमी हवा घरी जाताना पावसाची सर आली तर जिवावर बेतू शकते. एकच टायर, एकच गाडी, एकच संध्याकाळ. फक्त रस्ता बदलला.

थंडीचेही तसेच. मऊ रबर गारठले की कडक होते, पकड सोडते. कडाक्याच्या थंडीत ते तडकूही शकते. ओहायोच्या हिवाळ्यात बर्फ पडते, हे लक्षात घ्या. शिवाय या टायरांच्या बाजू लवचिक असतात. सरळ सुटताना त्यांचा फायदा होतो, वळणावर मात्र गाडी डुलते. ड्रॅग टायर जुन्या पद्धतीच्या आडव्या-उभ्या थरांचे आणि पुढचे रेडियल, अशी जोडी तर आणखी डुलते. असे मिश्रण करू नका, असेच टायर कंपन्या बजावतात.

म्हणून ताई, मुलाला रागावू नका, पण चार प्रश्न विचारा. ट्रॅकवरून निघताना हवा पुन्हा पूर्ण भरतोस का? पावसाळी दिवशी ही गाडी घरी ठेवतोस का? थंडी पडली की टायर उतरवतोस का? आणि शर्यत ट्रॅकवरच लावतोस ना, रस्त्यावर नाही? बरेच जाणते हौशी लोक चाकांचे दोन संच ठेवतात. साध्या टायरांवर ट्रॅकपर्यंत जातात, तिथे जॅक लावून चाके बदलतात आणि परतताना पुन्हा साधी चाके लावतात. त्याला अर्धा तास जातो, पण आईला रात्री झोप लागते. चारही उत्तरे 'हो' आली तर काळजीचे कारण नाही. एकही 'नाही' आले, तर वडिलांचे म्हणणे बरोबर समजा.

आपल्या दारातली गाडी

वाचकहो, आपल्यापैकी फारच थोड्यांच्या घरी ड्रॅग टायर येतील. हौशी मंडळींसाठी लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीविना शर्यत लावणे मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. रात्री रिकाम्या उड्डाणपुलावर मोटारसायकली पळवणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे कलम घरात मोठ्याने वाचावे.

पण ड्रॅग टायरचा हिशेब आपल्या साध्या गाडीलाही लागू आहे. पावसाळा आला की "थोडी हवा कमी ठेवा, टायर रस्ता धरतो" असा सल्ला देणारे नेहमी भेटतात. शर्यतवाले हवा कमी करतात ते कोरड्या, चिकट ट्रॅकवर आणि काही सेकंदांपुरती. आपण ओल्या रस्त्यावर दोन-चार तास जातो. तिथे कमी हवेचा टायर मध्ये दबतो, पाणी नीट फेकत नाही, बाजूंनी सतत वाकून आतून तापतो आणि लांबच्या वेगवान प्रवासात फुटूही शकतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर २०२३ साली परिवहन खात्याने टायरांची तपासणी करून झिजलेल्या टायरांच्या गाड्यांना मज्जाव केला, तो उगाच नव्हे.

तेव्हा एवढे करा. किती हवा भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. तेवढीच भरा, महिन्यातून एकदा आणि टायर थंड असताना. घरची सगळी मंडळी आणि सामान घेऊन निघणार असाल तर भरल्या गाडीसाठी दिलेला आकडा पाहा. नक्षीच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की मोटारीच्या टायरची १.६ मिलिमीटरची कायदेशीर मर्यादा संपली. त्याची वाट न पाहता पावसाळ्याआधीच टायर बदललेला बरा. दोनच नवे घेणार असाल तर ते मागच्या चाकांना लावा, कारण ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू घसरली तर ती सावरणे कठीण जाते. स्टेपनीची हवाही त्याच दिवशी पाहा. आणि पहिल्या पावसात, रस्त्यावरची धूळ अन् तेल यांचा राबडा झालेला असतो तेव्हा, पुढच्या गाडीपासून रोजच्या दुप्पट अंतर ठेवा. तळहाताएवढ्या चार जागा रस्त्याला टेकलेल्या असतात, आणि सगळे कुटुंब त्यांच्याच भरवशावर गाडीत बसलेले असते.